तिसरा हिस्सा

रुग्णवाहिकेच्या पायरीवरून किल्ली देताना
ओताकार मामा म्हणाला, मंगळवारी तिसरा हिस्सा बदल, ब्लांका.
फक्त तिसरा.
बाकीचं फ्रिजवर लिहिलंय.

होतं खरंच, शाईच्या पेनाने, उतरत्या अक्षरात:
पाणी आदल्या रात्रीच बादलीत काढ, क्लोरिन उडू दे.
हात घालून बघ, टाकीइतकंच कोमट हवं.
खाऊ चिमूटभर. तुझी चिमूट नाही, माझी.
आणि शेवटची ओळ दोनदा अधोरेखित,
तिच्यावर कॉफी सांडलेली.

ओस्त्रावातला सातवा मजला, जानेवारी.
खिडकीबाहेर विझलेल्या भट्टीची चिमणी,
आत, रेडिएटरपासून हातभर दूर,
साठ लिटर उन्हाळा:
अकरा निऑन, तळ हुंगणारे चार मिशाळ,
एक म्हातारी गोगलगाय.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात एकोणीस वर्षं.
नव्वद अंशांखाली धुतलेलं मला धुतलेलं वाटत नाही.
रक्त आधी थंड पाण्यात, मग सोडा,
आयोडीनचं वेगळं, ते मला विचारा.
आणि इथे काचेवर हिरवी साय,
वाळूत गाळ, फिल्टरमधला स्पंज
चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, बुळबुळीत.
शी, म्हटलं. थकला मामा.

मासे पातेल्यात ठेवले.
सगळं पाणी न्हाणीत ओतलं.
दगड घासले, रोपांची पानं पुसली एकेक,
स्पंज गरम नळाखाली पिळत राहिले
पांढरा होईपर्यंत.
हात लागलाच होता म्हणून फ्रिजही पुसला.
संध्याकाळी टाकी निवळशंख,
मासे जणू हवेत टांगलेले.
दिवा लावून समोर बसले मी,
बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश.

चौथ्या दिवशी निऑन सगळे वर,
पाण्याच्या कातडीला तोंड लावून
काहीतरी पुटपुटत.
पाणी अजूनही निवळशंख. तेच तर.
तोंडचं पाणी पळालं ते माझं.

दुकानातल्या तुआनने कुपीत थेंब टाकले.
पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं.
अमोनिया, म्हणाला. स्पंज धुतलात? नळाखाली?
मी मान हलवली.
तो रागावला नाही.
तो मळ नव्हता हो, म्हणाला,
ती कामावरची मंडळी होती.
विष खाऊन पोट भरणारी. दिसत नाहीत.
मग स्वतःच्या टाकीतला घाणेरडा स्पंज कापून
अर्धा पिशवीत दिला, ओलाच.
ट्रामभर मी तो कोटाच्या आत धरला,
अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासारखा.

मामाला सांगितलं शनिवारी.
तो यंत्राला जोडलेला, दंडातून दोन नळ्या,
एक नेणारी, एक आणणारी.
किती गेले?
तीन.
बराच वेळ यंत्राची घरघर.
मग म्हणाला, मलाही धुतात इथे, दिवसाआड.
थोडं बाहेर काढतात, तेच फिरवून परत देतात.
एकदम सगळं केलं असतं, तर मीही वर आलो असतो
तोंड उघडून.
हसला, हसताना खोकला आला.
त्याच्या अंगाखालच्या चादरीवर आमचा शिक्का,
कोपऱ्यात फिकट पिवळा ठिपका,
जो मी एरवी परत मशीनमध्ये टाकला असता.

ती शेवटची ओळ काय होती रे, मी विचारलं,
कॉफीखालची?
तू वाचली नाहीस?
पुसली, म्हटलं. डागासकट.

आता रोज संध्याकाळी आठ लिटर काढते,
रात्रभर मुरलेलं आठ लिटर ओतते, हळू, बशीवरून,
वाळू उडू नये म्हणून.
स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबते,
पाणी काळं होतं, मी थांबते.
थांबणं अजून जमत नाही नीट.
हात आपोआप नळाकडे जातो.

मागची काच तशीच सोडली आहे.
तिथे गोगलगाय चरते,
आणि काल दुपारी तिच्या वाटेवर
नखाएवढा स्वच्छ पट्टा दिसला,
बाकी सगळं हिरवं.
आठ मासे खाली. मोजले, पुन्हा मोजले.
कुपी पिवळी होती की किंचित हिरवी,
ते दिव्याखाली ठरेना.
उद्या उजेडात बघेन.